दोन चमचे

राफेलकाकांनी वाटी वाकडी केली तसं तळातलं पाणी एका बाजूला धावलं. पाणीच म्हणायचं त्याला. पाऊण तासापूर्वी याच वाटीत त्यांनी चमचा उभा राहील इतका घट्ट गव्हाचा चीक वाढला होता.

आतल्या खोलीत त्यांची बायको तोवा अजून खोकत होती. तिला सांभाळायला येणारी वेणू तिच्या पाठीवर हात फिरवत होती. "झाला मावशे, झाला. आता श्वास घ्या बगू. हां, अशी माजी बाय ती."

तोवाला अर्धांगाचा झटका येऊन सात महिने झाले होते. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि घसा मंद झाला. पातळ काही दिलं की ते पोटात जायच्या ऐवजी श्वासनळीत उतरायचं. त्यापायी दोनदा न्यूमोनिया होऊन गेला. मागच्या गुरुवारी डॉक्टर अरुंधतीनं स्पष्टच सांगितलं होतं, "काका, सगळं मधासारखं दाट हवं. आणि पुढच्या गुरुवारपर्यंत हा खोकला कमी झाला नाही, तर नाकातून नळी घालावी लागेल. मग तोंडानं काही नाही."

हॉस्पिटलात नळी घातली होती तेव्हा तोवानं ती दोनदा उपसून काढली होती. तिसऱ्यांदा नर्सनं तिचा चालता हात पलंगाला बांधला. तेव्हा तोवा ज्या नजरेनं राफेलकाकांकडे बघत होती, ती नजर त्यांना नको होती. पुन्हा कधीच नको होती.

म्हणून चीक. घट्ट करायची पावडर औषधाच्या दुकानात मिळते, पण तिची चव लागली की तोवा ओठ मिटून घ्यायची. चीक मात्र तिचा स्वतःचा. दरवर्षी नव्याच्या सणाला, म्हणजे ज्यूंच्या नव्या वर्षाला, ती गहू तीन दिवस भिजत घालायची, रोज पाणी बदलायची, वाटून फडक्यातून पिळायची. रात्रभरात पांढरा साका तळाशी बसला की वरचं पाणी ओतून द्यायचं. तो चीक नारळाच्या दुधात आटवून हलवा व्हायचा. मटणाच्या जेवणावर त्यांच्या धर्मात गाईम्हशीचं दूध चालत नाही, म्हणून नारळाचं. राफेलकाकांकडे फक्त ढवळायचं काम असे, आणि तेही ती दर पाच मिनिटांनी येऊन तपासायची. आता सगळंच त्यांच्याकडे आलं होतं. हलवा नाही, नुसता पाण्यात शिजवलेला, थोडी साखर घातलेला चीक. कालवलेला चीक आधी ताकासारखा पातळ असतो. उकळीजवळ आला की कण न् कण फुगतो, पांढऱ्याचा काचेसारखा होतो आणि हातातली पळी एकदम जड होते. दिवसभरात ठरल्याप्रमाणे घडणारी तेवढी एकच गोष्ट होती.

आणि तीही वाटीत बिघडत होती.

राफेलकाका पनवेलच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं प्रयोगशाळेत मदतनीस होते. कुणावर ओरडायचा त्यांचा स्वभाव नव्हता, पण पडताळून बघायची सवय होती. तीन दिवस त्यांनी अर्धा चीक वाटीत दिला आणि अर्धा टोपात झाकून ठेवला. पाऊण तासानं टोपातला तसाच, उलट निवून जास्तच घट्ट. वाटीतला पाणी. चीक एकच, टोपही एकच. फरक एवढाच की वाटी वेणूच्या हातात गेली होती. भरवणं लवकर उरकावं म्हणून बाया पाणी घालतात, असं शेजारच्या किशोरीताई मागे म्हणाल्याच होत्या.

त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. "वेणू, जरा इकडे ये."

वेणू ओल्या हातांनी आली. ओवे गावची, पन्नाशीची, अंगानं काटक.

"चिकात पाणी घालत जाऊ नकोस," ते खाली बघत म्हणाले.

"कोन, मी?"

"तिला गिळायला सोपं जावं म्हणून घालत असशील. पण ते तिला बाधतंय."

"काका, मी पानी घातला नाय."

"मी अर्धा टोपात ठेवला होता. तीन दिवस ठेवतोय. तो घट्ट राहतो."

वेणू त्या टोपाकडे बघतच राहिली. मग हसल्यासारखं करून म्हणाली, "तुमी घातला नाय, मी घातला नाय. मग भूत घालतंय का पानी?" राफेलकाकांनी टोपावर झाकण ठेवलं. तिनं हात पदराला पुसले, आत जाऊन तोवाची उशी सारखी केली, पिशवी घेतली आणि निघाली. दार मात्र हळूच लावलं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, वेणू आली नाही. त्यांनी स्वतः भरवलं. चीक नेहमीपेक्षा घट्ट केला होता. तोवा एकेक घास तोंडात घोळवत बसे, चमचा तिच्या ओठांत अडके. तो सोडवून घ्यायचा आणि पुन्हा वाटीत बुडवायचा. दहाव्या-बाराव्या घासाला त्यांना चमच्याच्या कडेनं पाणी सुटलेलं दिसलं. विसाव्या घासाला वाटीत पेज झाली होती. तोवाला ठसका लागला, तिचा चेहरा लालबुंद झाला. तिला सावरता सावरता त्यांची नजर हातातल्या चमच्यावर गेली. चमच्यापासून तिच्या ओठांपर्यंत लाळेची बारीक तार लोंबत होती.

ठसका थांबल्यावर त्यांनी तो चमचा उजेडात धरला.

दर जुलैत अकरावीच्या मुलांचा एक प्रयोग असायचा. परीक्षानळीत स्टार्च, त्यात लाळ, वरून आयोडिनचा थेंब. नुसता स्टार्च निळाकाळा होतो. लाळ घातलेल्याचा रंग थोड्या वेळानं उठतच नाही, कारण लाळेनं स्टार्च मोडलेला असतो. मुली लाळ द्यायला लाजायच्या, मुलं फिदीफिदी हसायची. शेवटी सर म्हणायचे, "पेणकर, नेहमीप्रमाणे तुमचीच द्या." एकतीस वर्षं त्यांनी बीकरमध्ये थुंकून दिलं होतं.

त्यांनी कपाटातून जखमेवर लावायचं आयोडिन काढलं. टोपातल्या चिकावर थेंब टाकला, तो शाईसारखा निळा झाला. वाटीतल्या पाण्यावर टाकला. चहाच्या रंगाचा राहिला.

किशोरीताईंना तोवाजवळ बसवून ते करंजाड्यातल्या घरून रिक्षानं ओव्याला गेले. वेणू पडवीत सुकट निवडत होती. तिनं सूप बाजूला सरकवलं, खुर्ची दिली, पाणी दिलं.

"वेणू, पाणी तू घातलं नव्हतंस."

"मला म्हाईत हाय."

"तोवाच्या लाळेनं होतं ते. तोंडातला चमचा परत वाटीत जातो ना, त्याबरोबर लाळ जाते. चीक मोडतो, पाणी सुटतं."

"मंजे मावशीचा थुंका?" वेणू खरंच हसली. "आन मी रातभर इचार करतेय, माज्या हाताला काय झाला म्हनून. एवढं शिकलेलं तुमी..."

"मी कुठला शिकलेला. शिकणाऱ्यांच्या बाटल्या धुवायचो." मग त्यांनी विचारलं, "उद्यापासून येशील?"

वेणूनं सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "खारघरला काम धरलाय. टावरमंदी. सकालीच हो म्हनून बसले."

"मी चुकलो, वेणू."

"चुकी व्हते, काका. तुमी मला शिवी दिली असती ना, मी संध्याकाली परत आली असती. सात म्हैने मी तिची शी-मूत काढली, आन तुमी टोपात चीक झाकून माजी परीक्षा घेत व्हता. तीन दिस. माज्याशी बोलत पन व्हता, चा पन देत व्हता."

ते उठले. पायरी उतरताना मागून तिचा आवाज आला, "हनुवटी खाली ठेवा तिची. आन तिच्या तोंडाकडं नका बगू, गल्याकडं बगा. गला हालला की मंगच दुसरा घास."

सोमवारपासून ते दोन चमचे घेऊन बसू लागले. एक वाटीतला, एक तोंडातला. पहिल्यानं उचलायचं, दुसऱ्यावर उतरवायचं, मग भरवायचं. चीक चादरीवर सांडायचा, तासभर लागायचा. पण वाटीतला शेवटचा घास पहिल्यासारखाच घट्ट निघायचा.

गुरुवारी डॉक्टर अरुंधतीनं छाती दोनदा तपासली. "साफ आहे. नळीचं नको इतक्यात. काय केलंत?"

"चमचा बदलला," राफेलकाका म्हणाले. तिला वाटलं ते गंमत करताहेत.

दुपारी त्यांनी हनुवटी खाली धरून, गळ्याकडे बघत, सगळी वाटी भरवली. तोवा एकदाही खोकली नाही. "संपलं," ते म्हणाले आणि तोंड पुसायला पुढे वाकले. तोवानं मान बाजूला केली. त्यांच्या खांद्यावरून ती दाराकडे बघत होती. रविवारपासून रोज याच वेळेला बघायची.

"ती नाही येणार," ते म्हणाले. "मी बोललो तिला काहीतरी."

तोवानं त्यांच्याकडे बघितलं, बराच वेळ. मग नजर पुन्हा दाराकडे नेली.

राफेलकाका उठले, दाराची कडी काढली आणि दार हातभर उघडं करून ठेवलं. जिना रिकामा होता. ते परत येऊन बसले आणि तिच्या हनुवटीवर वाळत आलेला चीक ओल्या फडक्यानं हलकेच टिपू लागले.