पदू डायवरची नजर

“ती म्हस बगा कशी रस्त्यात बसलीय, जशी काय सासरहून माहेरपनाला आलीय! पार डाव्या अंगाला पसरलीय बया,” विमलबाई म्हणाली.

पदूनं जीप उजवीकडून काढली आणि तो वैतागून म्हणाला, “दाढ दुखते म्हनून डॉक्टरकडं निगालो ना गं? मग त्या तोंडाला जरा आराम दे की.”

“दाढ दुखते, जीभ नाय दुखत,” विमलबाई म्हणाली, आणि लगेच, “अगो बाय, दोन पोरी सायकलीवर, शेजारी शेजारी! शाळेत काय गप्पा मारायला येळ भेटत नाय यांना?”

पदूनं हॉर्न दिला. दोन्ही सायकली मागंपुढं झाल्या.

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. घरात विमलबाई तशी मोजकंच बोलणारी. शेजारणी तासभर बसून गेल्या तरी हिचे दहा शब्द होणार नाहीत. पण जीपमध्ये बसली रे बसली की बाईच्या तोंडाचा पट्टा सुरू. कुणाची शेळी, कुणाचा टेंपो, कुणी रस्त्यावर भात वाळत घातलंय, कुठल्या झाडाखाली कोण उभं आहे, सगळ्याचा पंचनामा. आणि आताशा पदू गाडी काढायला निघाला की हिचंही काहीतरी काम निघायचंच. कधी दळण, कधी देऊळ, कधी उगाच. पदू म्हणायचा, हिला म्हातारपणी जीपची हवा लागली.

आज मात्र खरंच दोन कामं होती. तिची दाढ काढायची होती आणि त्याला डॉक्टरचा दाखला घ्यायचा होता. लायसनची मुदत महिनाअखेर संपत होती. साठीनंतर दर पाच वर्षांनी हे सोपस्कार करावे लागतात आणि त्यात डोळे ठीक आहेत असं डॉक्टरनं लिहून द्यावं लागतं. पदूला एकाहत्तरावं लागलं होतं.

एकविसाव्या वर्षी त्याला लायसन मिळालं. आधी चौक गावच्या एका शेटचा ट्रक जुन्या हायवेवर पळवला, मग स्वतःची जीप घेतली आणि कर्जत स्टेशन ते गाव अशा सीटा भरल्या. कडावच्या पुढच्या त्या गावात तीन पदू होते. एक पदू वाणी, एक पदू भगत आणि हा पदू डायवर. वाण्याचं दुकान मुलानं चालवलं तरी तो वाणीच राहणार होता. भगताला तर म्हातारपणी जास्तच मान होता. पण लायसन गेल्यावर तिसऱ्या पदूला काय म्हणायचं? हसण्यासारखी गोष्ट आहे, पण या एका प्रश्नानं पदूला गेले काही महिने अन्न गोड लागत नव्हतं.

मुलगा साईराज खोपोलीला कंपनीत होता. तो म्हणायचा, “बाबा, बस झालं आता. किती वर्षं चालवणार?” त्यावर पदूचं ठरलेलं उत्तर होतं, “डॉक्टर ज्या दिवशी नाय म्हनंल त्या दिवशी चावी तुज्या हातात. त्याच्या आदी बोलायचं नाय.” बाप शब्दाचा पक्का, म्हणून पोरगा गप्प बसायचा.

शब्दाच्या पक्क्या बापानं एक गोष्ट मात्र घरात सांगितली नव्हती. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांचे केव्हाच काढून झाले होते. तरी अंधुक दिसायला लागलं म्हणून गेल्या वर्षी तो एकटाच एसटीनं पनवेलला मोठ्या डॉक्टरकडं गेला होता. त्यांनी सांगितलं, डोळ्याचा आतला पडदा झिजत चाललाय, याला ऑपरेशन नाही, आणि गाडी चालवू नका. पदूनं घरी येऊन सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढलाय.

आता त्याला कडेकडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. ज्याच्याकडं बघावं तेच नाहीसं व्हायचं. माणूस समोर आला की त्याची टोपी दिसायची, खांदे दिसायचे, तोंडाच्या जागी नुसतं तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं काहीतरी. डोंगर पायथ्यावाचून तरंगायचे. संध्याकाळी दिव्यांना पाकळ्या फुटायच्या. खरं सांगायचं तर सुरुवातीची भीती गेल्यावर ते जग त्याला थोडं आवडूही लागलं होतं. कुठंच धार नाही, कुठंच टोक नाही. रस्ता तर पन्नास वर्षांचा पाठ. भातगिरणीचा वास आला की वळण, कडावच्या दूधडेअरीचा आंबूस वास आला की वेग कमी करायचा. एवढं पुरतं, असं त्याचं म्हणणं. एकदाही कुणाला धक्का लागला नव्हता, ही गोष्टही खोटी नव्हती.

कर्जतच्या बाजारात त्यांचे नेहमीचे डॉक्टर बसायचे. तीस वर्षांची ओळख. त्यांनी रक्तदाब बघितला, गुडघे विचारले आणि भिंतीकडं बोट केलं. “पदूदादा, त्या तक्त्यावरची तिसरी ओळ वाचा बघू.”

पदूनं तिकडं बघितलं आणि तक्ता नाहीसा झाला.

“अवो डॉक्टर,” गाल धरून बसलेली विमलबाई एकदम म्हणाली, “ते मराटीत प, ट, ग, र असं लिवलंय, ते कशाला? आमाला वाटलं इंग्रजीत असंल.”

“प, ट, ग, र,” पदू म्हणाला. “चांगलं दिसतंय की.”

“काकी, तुम्ही नका हो मध्ये बोलू,” डॉक्टर हसले. बाहेर दहा पेशंट ताटकळत होते. त्यांनी सही केली आणि शिक्का मारला. “उद्या जीपनं पुण्याला न्याल का आम्हाला?”

“कवा पन सांगा,” पदू म्हणाला. दाखल्याची घडी करून त्यानं वरच्या खिशात ठेवली, तेव्हा आणखी पाच वर्षं छातीशी धरल्यासारखं त्याला वाटलं. बायकोचा आगाऊपणा त्यानं त्या आनंदात मनावर घेतला नाही.

मग दाताच्या दवाखान्यात विमलबाईची दाढ निघाली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तोंडात कापसाचा बोळा घट्ट दाबून दिला आणि बजावलं, “दोन तास तोंड उघडायचं नाही. एक शब्दसुद्धा नाही.”

परतीच्या वाटेला लागल्यावर पदूला फार बरं वाटलं. काय ती शांतता! नुसता इंजिनाचा आवाज. पौषातलं ऊन, दोन्ही बाजूंना भाताच्या कापणीनंतर पेरलेले वाल फुलावर आलेले, त्यांचा हिरवा वास. रस्त्याच्या रुंदीकरणात तोडलेल्या चिंचा पुन्हा आपापल्या जागी येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांची सावली त्याच्या हातांवरून सरकत गेली. मागं सीटा भरलेल्या होत्या. कुणाची तरी कोंबडी पिशवीत फडफडत होती, कुणी नवी नवरी लाजून कोपऱ्यात बसली होती. विमलच ती. लग्नाचं वऱ्हाड याच रस्त्यानं आलं होतं, तेव्हा सगळा धुरळा होता...

कचकन जीप उडाली. स्पीडब्रेकर. पदू सावरला. इथं कधी केला हा स्पीडब्रेकर? रोज तर लागत नाही.

“अं! अं!” विमलबाई ओरडली आणि तिनं त्याचा दंड घट्ट धरला. पदूनं ब्रेकवर उभं राहून गाडी थांबवली. पुढं काहीतरी पत्र्याचं आपटलं. दुधाचा कॅन रस्त्यावर गडगडत गेला.

“ए डायवर! दिसत नाय काय रं?” पांढुरक्या धुवणातून कुणीतरी ओरडलं. “आनकी एक वीत म्होरं आला असतास ना, तर मेलो असतो!”

त्या माणसानं सायकल उचलली, कॅन उचलला, आणखी दोन शिव्या घातल्या आणि तो गेला. पदूला त्याचं तोंड दिसलं नाही. म्हातारा होता की पोरसवदा, तेही कळलं नाही. त्यानं गाडी कशीबशी कडेला घेतली.

मग हळूहळू त्याच्या ध्यानात आलं. हा स्पीडब्रेकर रोज लागत नव्हता, कारण रोज त्याच्या आधी कुणीतरी म्हणायचं, “हितं जरा हळू, माजी कंबर मोडंल.” म्हैस डाव्या अंगाला पसरलीय. पोरी शेजारी शेजारी. भात वाळत घातलंय. दोन वर्षांत बाईनं एक शब्द फुकट घालवला नव्हता. गाडी तीच चालवत होती. आपण नुसतं स्टेअरिंग धरून बसलो होतो.

“इमल,” तो म्हणाला, “तुला कवापासनं म्हाईत हाय?”

तिनं त्याचा हात ओढून घेतला आणि तळव्यावर दोन बोटं दाबली.

“दोन म्हैने?”

तिनं त्याचा हात नाही म्हणून हलवला.

“दोन वर्सं?”

बोटं पुन्हा दाबली गेली. म्हणजे पनवेलच्या डॉक्टरच्याही आधी. त्याला स्वतःला कळायच्या आधी. पदूला लाज वाटली, राग आला आणि मग दोन्ही ओसरलं. “आनि मी म्हंतो, बाई लय बडबडते.”

विमलबाईनं कापसावरचा गाल दाबून धरला. बोलताच येत नव्हतं.

मग तो म्हणाला, “डॉक्टर नाय म्हनंल तर सोडीन, असं मी पोराला म्हटलं होतं. पन डॉक्टरला आपन नाय म्हनूच दिलं नाय. दोगं मिळून फसवलं त्यांना.” त्यानं खिशावर हात ठेवला. “उद्या टमटमनं जाऊ. दाखला त्यांच्या हातात परत देईन नि खरं काय ते सांगीन. चावी साईराजला.”

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि तो तसाच ठेवला.

पण गाव अजून अर्ध्या कोसावर होतं आणि जीप रस्त्यात टाकून घरी जाणं त्याच्यानं झालं नसतं. निदान दारात नेऊन उभी करायची. त्यानं पहिला गिअर टाकला. बैलगाडीच्या चालीनं जीप निघाली. विमलबाईनं त्याचा दंड धरला होता. डावीकडं घ्यायचं असलं की ती डावीकडं ओढायची.

गावाच्या अलीकडं रस्ता वळतो आणि ऊन एकदम समोर येतं. तिथं ओहळावर पूर्वी पावसात पाण्याखाली जाणारी बुटकी फरशी होती, आता काँक्रीटचा उंच पूल झालाय. पदूनं वळण घेतलं आणि गाडी थांबवली.

“फरशीवरनं पानी चाललंय गं,” तो म्हणाला. “किती पानी हे! जरा ओसरू दे.”

समोर पांढरं, झगझगीत काहीतरी रस्त्यावरून आडवं वाहत होतं. लाटा उठत होत्या. पदूनं इंजिन बंद केलं आणि तो पाणी ओसरायची वाट बघत बसला. विमलबाईनं समोर बघितलं. कोरड्या ठणठणीत पुलावर ऊन पडलं होतं. खाली ओहळात गुरांच्या खुरांपुरतंही पाणी नव्हतं. तिनं हळूच त्याचा दंड सोडला आणि ती खाली उतरली.

फरशी होती त्या दिवसांत पावसाळ्यात असंच करायचे. पाणी फार नसलं की सीटांतला एखादा जाणता माणूस उतरायचा आणि पाण्यातून पुढं चालायचा. त्याच्या पायांवरून डायवरला खोली कळायची, कड कळायची. त्याच्या मागोमाग गाडी काढायची. किती जणांनी पदूच्या जीपपुढं असं चालून दाखवलं होतं. पण कधी बाईमाणूस उतरलं नव्हतं.

पदूनं जीप पुन्हा सुरू केली. दार वाजलं होतं, चपलांचा आवाज पुढं गेला होता. खडखडीत, कोरडा आवाज. तो ऐकला आणि पाणी नाही हे त्याला कळलं. आता तो हाक मारून तिला परत बोलावू शकला असता. त्यानं मारली नाही.

सरळ बघितलं तर ती नाहीशी झाली असती, म्हणून तो पुलाच्या कठड्याकडं बघत राहिला. मग डोळ्याच्या कडेला ती आली. पिवळं लुगडं, पाठीवर पदर, एक हात दुखऱ्या गालावर. ती रस्त्याच्या बरोबर मधून, सावकाश, पाय चाचपून टाकत चालली होती. आणि दुसऱ्या हातानं तिनं लुगडं घोट्याच्या वर उचलून धरलं होतं, भिजू नये म्हणून.