पेठ रेल्वेचं एकमेव इंजिन

मी पेठ रेल्वेचं इंजिन बोलतोय. हसू नका. नाशिकहून पेठला रेल्वे जात नाही, कधी गेली नाही, हे मला तुमच्याआधी ठाऊक आहे. पण माझ्या अंगावर तसं लिहिलंय, आणि लिहिणाऱ्याचं अक्षर चांगलं आहे. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल.

जन्म माझा विलायतेतला. वीतभर लांबी, पोटात चावीचं यंत्र, अंगावर काळाभोर रंग आणि कडेने केसाएवढी तांबडी रेघ. देवळाली कॅम्पातल्या कुण्या गोऱ्या साहेबाच्या घरी मी बोटीने आलो. साहेब गेला, मी मागे राहिलो, आणि पुढची पंचवीस वर्षं जुन्या सामानाच्या दुकानात एका फुटक्या किटलीशेजारी काढली. किटली निदान गप्प बसायची. एकोणीसशे बहात्तर साली तिथून मला उचललं ते गोरक्षराव थेटे यांनी. हे नाशिकरोड स्टेशनात पार्सलकडे कारकून.

घरी नेल्यावर माणूस पाहुण्याला पाणी विचारतो. यांनी मला पालथं घातलं आणि ब्लेडने खरवडलं. का, तर "आपल्या लाईनचा रंग देऊ." माणसाला एखादी वस्तू आहे तशी बघवतच नाही. आपली लाईन म्हणजे कुठली, हे विचारायला मला तोंड नव्हतं, आणि त्यांच्या बायकोला, सिंधुबाईंना, सवड नव्हती.

पहिल्यांदा मी झालो गोदावरी खोरे रेल्वे. गावाकडे पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला पिवळा रंग माझ्या पाठीवर आला. टूथपेस्टचं झाकण उलटं चिकटवून धुराडं झालं. केसांच्या आकड्या वाकवून पुढे जाळी बसवली, आणि सिंधुबाईंच्या तुटक्या माळेतला काचेचा मणी माझा दिवा झाला. दुसऱ्या वर्षी मी चांदवड कांदा रेल्वे होतो. रंग अर्थातच कांद्याचा. प्रत्येक रंगामागे गोरक्षरावांचं कारण असे. पिवळा कशाला, तर घाटातल्या धुक्यात लांबून दिसावा. जो घाट या गाडीने कधी चढायचा नाही, त्या घाटातल्या धुक्याची यांना काळजी.

मला ठेवायचे देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर. त्यामुळे सिंधुबाई मला रोज दिसायच्या. सोमवार, चतुर्थी, एकादशी, काही सुटायचं नाही. त्यांच्या उपासांना मी हसत नाही. निदान त्यात कुणीतरी उपाशी राहतं. गोरक्षरावांच्या लाईनीपायी गोरक्षरावांनी चहाही सोडला नव्हता.

आता चौऱ्याहत्तर सालची वसुबारस सांगतो. गोरक्षरावांची धाकटी बहीण लंकाबाई पेठला दिलेली. सासुरवाशिणीला दिवाळीला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी, आणि मुराळी आल्याशिवाय तिने पाऊल उचलायचं नाही, अशी यांच्यात रीत. वडील नव्हते, म्हणजे काम भावाचं. चार दिवाळ्या त्यांनी ते चोख केलं. पाचव्या वर्षी दहाच्या एस.टी.ने निघायचं ठरलं होतं. पण त्याच सकाळी त्यांना माझ्या पोटावरून सोनेरी पट्टा ओढायची बुद्धी झाली.

रंग ओला. गोरक्षरावांनी मला दोन बोटांत धरलेलं. खाली ठेवलं तर पट्टा पुसला जाणार.

"अहो, गाडी जाईल," सिंधुबाई दोनदा म्हणाल्या.

"एवढं वाळू दे. दोनची आहे की."

दोनचीही गेली. मग उद्या. उद्या कुणाच्या तरी बदली कामावर हजर व्हावं लागलं. मग परवा. आणि तिकडे पेठच्या स्टँडवर लंकाबाई गाठोडं बांधून दोन दिवस बसून राहिल्या. येणारीजाणारी विचारत होती, आला का ग भाऊ? तिसऱ्या दिवशी त्या गाठोडं न सोडता सासरी परत गेल्या. कंडक्टरच्या हाती निरोप आला: मुराळी आल्याशिवाय येणार नाही, आणि येशील तेव्हा का आला नव्हतास ते सांगायला ये.

तेवढंच तर सांगता येत नव्हतं. वीतभर खेळण्याचा पट्टा ओला होता, हे कोणत्या तोंडाने सांगणार? मग शहाण्या माणसाने काय करावं? गोरक्षरावांनी पेठपर्यंत रेल्वे बांधली.

होय. कागदावर. एका जाड वहीत स्टेशनं आली, करंजाळीला पाणी भरायची सोय आली, सावळ घाटात तीन बोगदे आले, वेळापत्रक आलं. खोक्यांच्या पुठ्ठ्याचे डबे माझ्यामागे लागले, त्यांतला एक फिक्या गुलाबी रंगाचा, माहेरवाशिणींसाठी राखीव. माहेरवाशीण डबा काढला, माहेरवाशीण आणली नाही. स्टेशनातले लोक त्यांना पेठ रेल्वेचे जनरल मॅनेजर म्हणत. बिचाऱ्यांना तो मान वाटे.

दर दिवाळीला मला नवा पोशाख. नागलीच्या कणसासारखा तपकिरी, मग भाताचा हिरवा, मग निळ्यावर पांढरी वेलबुट्टी. "एवढा हात संपला की जातो पेठला," असं दरवर्षी म्हणायचे, आणि हात संपेपर्यंत तुळशीचं लग्न होऊन जायचं. पाचव्या थराला रंग आसांत उतरला आणि माझी चाकं जाम झाली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावणारा मी, दगड झालो. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. धावणाऱ्या गाडीचं त्यांना कधी कामच नव्हतं.

सिंधुबाईंनी मात्र पहिल्याच वर्षी देवापुढे पाणी सोडलं होतं: नणंद उंबरा ओलांडीपर्यंत दिवाळीचा फराळ तोंडात घालणार नाही. करायच्या सगळा. चकल्यांचा घाणा, अनारशांची जाळी, शेजारी वाटणं, सगळं. खायच्या नाहीत. गोरक्षराव समोर बसून चकली मोडत, आणि वर म्हणत, यंदा जरा कडक झाली का ग?

आठ वर्षं गेली. ब्याऐंशीच्या वसुबारसेला गोरक्षराव कामावर गेले. मला आदल्या रविवारी जांभळा रंग दिला होता. सिंधुबाईंनी देवाला हळदकुंकू वाहिलं, मला फळीवरून काढलं, खणात गुंडाळलं आणि पिशवीत घातलं. शेजारच्या भागीबाईंना किल्ली देऊन सांगितलं, "हे आले तर म्हणावं, पेठला गेलेय. मुराळी म्हणून."

भागीबाई म्हणाल्या, "बाई कधी मुराळी असते का?"

"पुरुष कुठे आहे?" सिंधुबाई म्हणाल्या, आणि निघाल्या. इतक्या वर्षांत त्या घरात ऐकलेलं पहिलं शहाणं वाक्य.

पिशवीत, खणाच्या आत, लाल एस.टी.त बसून मी तो घाट चढलो. बोगदा एकही लागला नाही.

लंकाबाई अंगणात भात पाखडत होत्या. केस पिकायला लागलेले, हात राठ. सुपासकट उभ्या राहिल्या. सिंधुबाईंनी मला खणातून काढून त्यांच्यापुढे धरलं आणि सगळं सांगून टाकलं. सोनेरी पट्टा, दहाची गाडी, दोनची गाडी. काही लपवलं नाही.

लंकाबाईंनी मला उलटंसुलटं करून पाहिलं. "ह्याच्यापायी?"

"ह्याच्यापायी."

त्यांनी मला सुपातल्या भातावर ठेवलं. मग हलकेच म्हणाल्या, "आठ वर्सं मला वाटलं, वैनीनंच आडवलं."

"मला ठाऊक होतं तसं वाटत असणार."

"मग सांगावा का नाय धाडला?"

"भावाचं नाव खाली गेलं असतं."

लंकाबाईंनी सूप खाली ठेवलं आणि वहिनीच्या पायांवर पाणी घातलं. जेवू घालायला निघाल्या तर वसुबारसेचा उपास, आणि मग फराळाची गोष्टही निघाली. तेव्हा मात्र त्यांचे डोळे भरून आले. पण यायला तयार नाहीत. "तू आलीस, माझ्या मनातलं गेलं. पण तू मुराळी नाय, वैनी. हे इथंच ऱ्हाऊ दे. त्याला म्हणावं, तुझं इंजिन पेठला हाय. घेऊन जा."

झालं. मी देवळीत, सिंधुबाई एकट्या परतीच्या गाडीत.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या एस.टी.ने गोरक्षराव दारात. बघा माणसाची जात. बहिणीसाठी आठ वर्षं रस्ता सापडत नव्हता, इंजिनासाठी एका रात्रीत सापडला. मला पाहून त्यांचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. इतकी किळस मला ब्लेडचीही आली नव्हती.

लंकाबाई उंबऱ्यात आडव्या उभ्या. "कुणाला न्यायला आलास?"

आता खोटं बोलणार, मला खात्री होती. तोंडावर तयारही दिसत होतं. पण त्यांनी मान खाली घातली.

"निघालो इंजिनासाठी."

"मंग घे आन जा."

ते हलले नाहीत. "स्टँडवर उतरलो. तू कुठं बसली होतीस ते बघावं म्हणून बाक शोधला. बाकच नाही तिथं, लंके. दगड आहे नुसता."

"तापतो पण लय," लंकाबाई म्हणाल्या.

 यावर तो वहीपंडित तिथेच पायरीवर बसून रडला, पन्नाशीकडे आलेला माणूस. लंकाबाई आत गेल्या, आणि गाठोड्याची गाठ आवळल्याचा आवाज मी देवळीतून ऐकला. बाराच्या गाडीची घाई झाली. गाठोडं घेतलं, नागलीचे पापड घेतले, कोंबड्यांकडे बघायला शेजारणीला सांगितलं. आणि मला विसरले.

मी रागावलो का? नाही. त्या माणसाने उभ्या जन्मात माझ्याबाबतीत केलेली ती एकच नीट गोष्ट.

तेव्हापासून मी या देवळीतच आहे. चुलीच्या धुराने जांभळा काळवंडत चाललाय, मला शोभतो. मुंग्या गुलाबी डब्याशिवाय माझ्यावरून येजा करतात. माझी एकच विनंती आहे, मला इथून कुणी हलवू नये, आणि कृपा करून रंगवू नये. गोरक्षराव दर वसुबारसेला येतात, येताना देवळीकडे बघतात, जाताना बघत नाहीत. आणि लंकाबाई गाठोडं उचलता उचलता शेजारणीला सांगतात, "माझा भाऊ येतो इंजिन न्यायला, अन् दरसाल इसरून मलाच घेऊन जातो."