सातविणीची साल

पहाटे सगुणावहिनींनी सोसायटीच्या आवारातल्या सातविणीला हात लावला. खरखरीत साल लागायची तिथे ओलं, गुळगुळीत लाकूड लागलं. त्यांनी टॉर्च मारला. झाड कमरेपासून डोक्यापर्यंत चौफेर सोललेलं होतं.

आदल्या संध्याकाळी ते अंगभर सालीत होतं. वहिनींनीच बुंध्याशी तांदूळ-सुपारी ठेवून त्याला सांगितलं होतं की, उद्या दिव्यांच्या अवसेला, उजाडायच्या आत थोडी साल न्यायला येते, राग मानू नको. मालवणकडे हिवतापावर हाच काढा, आणि साल याच पहाटे काढायची. घरात नवऱ्याला, शिवदासभाऊंना, दिवसाआड हुडहुडी भरत होती, गोळ्या पोटात ठरत नव्हत्या आणि डॉक्टर आता तोंडाकडे न बघता बोलायला लागले होते.

चौऱ्याऐंशीच्या त्या पावसाळ्यात कांदिवलीची ती निम्मी सोसायटी तापाने फणफणत होती. चेअरमन चंद्रप्रकाश अंधेरीच्या एका औषध कंपनीत विक्री बघत. त्यांनी सभेत बजावलं होतं की, हे विज्ञानाचं युग आहे, आणि झाड सोसायटीच्या मालकीचं आहे, तेव्हा त्याला कोणी हात लावायचा नाही. ठराव एकमताने झाला होता.

सातविणीला लोखंड लावायचं नाही, साल दगडाने ठेचून काढायची, असा गावचा रिवाज. इथे सुरीच्या खुणा होत्या, कोयत्याच्या होत्या, एके जागी बटाट्याच्या सोलाण्याच्याही. प्रत्येकाने नेली होती तळहाताएवढीच. अंधारात प्रत्येकाला दुसऱ्याची छत्री दिसली असणार आणि कोणी ओळख दाखवली नसणार.

वहिनी हातातला दगड घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

उजाडल्यावर सगळे खाली जमले आणि सगळ्यांना धक्का बसला. पहिल्या मजल्यावरच्या मालनताईंनी तर पदर तोंडाला लावला. चंद्रप्रकाशांनी बाहेरच्या लोकांचा निषेध केला.

दुपारपासून वहिनींच्या दारात काढ्याच्या वाट्या यायला लागल्या. कोणाच्या मेव्हण्याने म्हणे देवगडहून साल पाठवली होती, कोणाच्या आत्याने वेंगुर्ल्याहून. त्या दिवशी कोकणातून टपाल फारच आलं. चंद्रप्रकाश स्वतः आले, कंपनीच्या सँपलच्या बाटलीत काढा घेऊन. वहिनींनी काही न विचारता सगळं ठेवून घेतलं. विचारायची ती वेळ नव्हती.

भाऊ तोंड वाकडं करून प्यायले. पुढे गोळ्याही ठरायला लागल्या. गणपतीत ते आरतीला उभे राहिले, तेव्हा ताप कोणाच्या वाटीने उतरला यावर जिन्यात वाद झाले.

झाड मात्र उभं वाळत गेलं. दरवर्षी दसऱ्यानंतर त्याच्या फुलांच्या वासाने सोसायटीचं डोकं उठायचं. यंदा कोणाचंच उठलं नाही, तेव्हा कुठे लोकांनी मान वर केली. चंद्रप्रकाशांना पुन्हा धक्का बसला.

"चांगलं झाड हो," ते म्हणाले. "कसली कीड लागली असेल, वहिनी?"

"आपलीच, भावजी. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत."

चंद्रप्रकाशांनी गंभीरपणे मान डोलावली आणि झाडावर औषध फवारायचा ठराव मांडला. तोही एकमताने झाला.