मयतीचं ठिकाण

मुंजाजीला जाऊन वर्ष उलटलं होतं, पण सटवाजीच्या बैलांना ते मंजूर नव्हतं.

बोरीहून करंजवाडीला येताना एक ओढा लागतो. ओढ्याच्या काठाला बाभूळ, आणि बाभळीच्या पुढं शेंदूर फासलेला शिवेचा दगड. दगडाच्या अलीकडं बोरीची हद्द, पलीकडं करंजवाडीची. गाडी बाभळीखाली आली की बैल आपसूक थांबायचे आणि माना वळवून मागं बघायचे, कुणीतरी चढायचं राहिल्यासारखे. सटवाजी खाली उतरून जू सारखं केल्याचं निमित्त करायचा. जरा वेळानं बैल आपल्या मनानं चालू लागायचे. ते का थांबतात हे दोनच माणसांना ठाऊक होतं. एक सटवाजी, दुसरी मुंजाजीची आई तानुबाई.

मुंजाजीचा जीव त्या बाभळीखाली गेला होता. आणि गाव समजत होतं, तो घरी गेला.

जिंतूरच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तानुबाईनं लेकाला एसटीनं बोरीपर्यंत आणलं आणि तिथून सटवाजीच्या गाडीत घातलं. लेकाचं डोकं तिच्या मांडीवर होतं. ओढ्याजवळ त्यानं एकदा डोळे उघडले, आभाळाकडं बघितलं, आणि छाती भात्यासारखी वर आली ती खाली गेलीच नाही. तानुबाईच्या घशाशी हंबरडा आला. तो तिनं तिथंच गिळला. कारण शिवेबाहेर मेलेलं माणूस करंजवाडीत येशीच्या आत घेत नाहीत. त्याला बाहेरच्या बाहेर जाळतात. बायकोनं तोंड बघायचं तर माळावर, उन्हात, गर्दीत बघायचं. घरी पारू होती, पोटुशी, दारात डोळे लावून बसलेली.

म्हणून तानुबाई त्याच्या वाटचा श्वास घेऊ लागली. मोठ्यानं, घरघर करत, गाडीच्या खडखडाटावर ऐकू जाईल असा. मधूनच म्हणायची, "आलं बघ बाळा गाव. ते बघ लिंबाचं झाड. आलंच." आणि जात्यावर म्हणावी तशी ओवी म्हणायची,

येशीबाई येशी, कवाडं ठिव उघडी,
माझ्या मुंजाजी बाळाची, मागून येते गाडी.

येशीतल्या माणसांनी विचारलं, "कसं हाय?" ती म्हणाली, "डोळा लागलाय." दारात पारू तांब्या घेऊन धावली. तिनं नवऱ्याच्या ओठाला पाणी लावलं. ते पाणी ओठांच्या कडेनं ओघळलं. तानुबाईनं ते पदरानं टिपलं, आणि मग कुठं तिनं हंबरडा फोडला.

तेव्हापासून पारू पाणवठ्यावर, खळ्यावर, जिथं बाया भेटतील तिथं सांगायची, "मपली वाट बघत थांबले व्हते. मपल्या हातचं पानी घेऊनच गेले." बाया म्हणायच्या, नशिबाची गं बाई. पारूचं नशीब ते एवढंच.

पुढं पोर झाली. आणि पेरणीच्या तोंडावर चुलतदीर आश्रुबानं बांध ओलांडून मुंजाजीच्या रानात तिफण घातली. पारू आडवी गेली तर तो म्हणाला, "सातबाऱ्यावर मुंजाजीचं नाव हाय, तुहं न्हाई. त्याला यिऊन सांगू दे, मी निघतो." तलाठ्यानं सांगितलं, वारस लावायचा तर मयतीचा दाखला आण. दाखल्याचं आजवर कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. घरच्यांना वाटलं कोतवालानं कळवलं असेल, कोतवालाला वाटलं घरच्यांनी.

सूर्यभान ग्रामसेवक मोकळ्या मनाचा माणूस. त्यानं दोघी सासू-सुनांना ओसरीवर बसवून समजावलं. "मयत झाली की लगोलग सांगायचं असतं, मावशी. आता वरीस उलटलं, आता माह्या हातात काही न्हाई. जिंतूरला तहसीलीत जा. माणूस कवा गेला, कशानं गेला, कुठं गेला, हे शपथेवर सांगा. दोन साक्षीदार न्या. एक तुमी, एक ज्यानं गाडीत आणलं तो. साहेबांचा हुकूम आणा, की दुसऱ्या दिवशी मी नोंद घेतो अन् दाखला देतो."

"कुठं गेला, ते कशाला?" तानुबाईनं विचारलं.

"ज्या गावच्या हद्दीत जीव जातो, नोंद त्या गावात व्हते. शिवेपलीकडं गेला असता तर तुमाला बोरीच्या ग्रामसेवकाकडं धाडलं असतं. पर मुंजाजीचं तसं न्हाई. तो घरीच गेला."

"घरीच," पारू म्हणाली.

तानुबाई जमिनीकडं बघत राहिली.

जिंतूरला निघाले त्या सकाळी गाडी बाभळीखाली थांबली. पोरीनं दुपटं ओलं केलं होतं. पारू तिला घेऊन ओढ्यावर उतरली. दुपटं पाण्यात आपटल्याचा आवाज येऊ लागला तसा सटवाजी मागं न बघता म्हणाला, "काकू, मी खोट्यावर अंगठा देनार न्हाई."

"मग गाडी कामून जुपली?"

"पारू लेकरू घेऊन दारात उभी ऱ्हायली. न्हाई कसं म्हनू?" त्यानं कासरा हाताला गुंडाळला, सोडला. "त्या दिशी मला कळलं व्हतं. हितंच गाडी जड झाली. जित्या मानसाचं वझं येगळं अन्… मी मागं बघितलं न्हाई. म्हनलं, आईला आनायचंय लेकराला, आनू दे."

त्यानं आता मागं वळून बघितलं.

"पर तुमी त्याला सांगितलंच न्हाई, काकू. वाटभर 'आलं बघ गाव, आलं बघ गाव' म्हनत आलाव. त्याला कसं कळावं आपुन मेलाव म्हनून? तुमी कुडी नेली, त्यो हितंच ऱ्हायला. दर खेपंला बैल उभे ऱ्हातात, मपल्या अंगावर काटा येतो. आज साहेबाम्होरं खरं सांगा. हितं मेला म्हना. सुटंल बिचारा."

"अन् हिला काय सांगू? मुडद्याला पानी पाजलंस म्हनून?" तानुबाईनं ओढ्याकडं हात केला. "गाव काय म्हनंल? त्याच महिन्यात गावात गोवराची साथ आली, लेकरं गेली. शिवेबाहेरचं मढं येशीतून आनलं, त्याचंच फळ म्हनतील. हिला पानवठ्यावर उभं करतील का कुनी? रान मिळंल अन् गाव जाईल."

"मंजी लेक उन्हात ऱ्हाऊ द्यायचा."

तानुबाईनं बाभळीकडं बघितलं. सावली होती तिथं, पण विरळ. तिला वाटलं, एवढ्या सावलीत माणूस अंग चोरूनच बसत असणार.

पारू परत आली. "सटवाजीदादा, तुमचे बैल हितं येऊन रोज काय बघतेत हो?"

"तुह्या आत्याबाईला इचार," सटवाजी म्हणाला.

"म्हातारे झालेत," तानुबाई म्हणाली. "चल, बस."

तहसीलीत दुपारपर्यंत व्हरांड्यात बसून झालं. मग कारकुनानं आत साहेबांपुढं बोलावून कागद वाचून दाखवला. मयताचं नाव, वय, आजार. "मयतीचं ठिकाण?" त्यानं टाक दौतीत बुडवला.

"घरी," पारू म्हणाली. "मपल्या हातचं पानी घेतलं अन् गेले. सटवाजीदादांनी गाडी दामटली म्हनून तेवढी भेट झाली, साहेब."

साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "आजी, तुम्ही आई ना? शपथेवर सांगायचं. कुठं वारला?"

सटवाजी तिच्याकडं बघत होता. पोर पारूच्या खांद्यावर झोपली होती, तिची लाळ पारूच्या लुगड्यावर उतरली होती. तानुबाईच्या डोळ्यांपुढं ती विरळ सावली आली. तिनं डोळे मिटले, तरी ती गेली नाही. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली,

"घरी."

"आणि तू रे?"

सटवाजीनं पारूकडं बघितलं. तो नुसता पुढं झाला. त्याचा अंगठा कागदावर टेकला तो फरपटला. कारकून खेकसला, "अरे अंगठा उठव नीट, भाकरीला लोणी लावायलास का?" बाकीचे हसले. दुसरा ठसा नीट उमटला. साहेबांनी हुकमावर सही केली.

दिवस कलता कलता बोरीहून गाडी निघाली. पारू आज बोलत होती. रानात यंदा मूग टाकू, बांधावर तुरी लावू. सटवाजी हूं हूं करत होता. ओढा जवळ आला तसा त्यानं कासरा सैल सोडला, बैल थांबतील म्हणून. तानुबाईनं पदर सावरला, खाली उतरावं, त्याच्याशी दोन शब्द बोलावेत म्हणून.

बैल थांबले नाहीत.

बाभूळ मागं गेली, शेंदराचा दगड मागं गेला. बैलांनी माना वळवल्या नाहीत. पण पाणंदीच्या चढाला त्यांनी खूर रोवले, जू करकरलं, तोंडाला फेस आला.

"काकू," सटवाजी अगदी हळू म्हणाला, "गाडी जड हाय."

तानुबाईनं गाडीच्या साटीत पाय आखडून घेतले आणि पुढ्यातली जागा मोकळी केली.

"आत्याबाई, हिकडं सरकून बसा की, लय जागा हाय," पारू म्हणाली.

"असू दे."

येशीत पारावरच्या माणसांनी विचारलं, "झालं का काम?" पारूनं मान डोलावली. दारात गाडी उभी राहिली. पारू पोरीला घेऊन घरात गेली, दिव्याची वात सारू लागली. सटवाजी गाडी सोडायला थांबला नाही, तसाच पुढं हाकून निघाला. आता त्याचे बैल हलक्या पायांनी चालले होते.

तानुबाई उंबऱ्याशी उभी होती. आत उजेड पडला. आतून पारूचा आवाज आला, "आत्याबाई, आज घर भरल्यावानी वाटायलंय बगा."

तानुबाई उंबऱ्यावर बसली, एका अंगाला सरून. शेजारच्या जागेकडं तिनं बघितलं नाही. उद्या सूर्यभान दाखला देणार होता. उद्या कागदावर शिक्का बसणार होता, मुंजाजी मयत म्हणून. तोवर त्याला सांगायला हवं होतं, आणि सांगायला तिच्यावाचून कुणी नव्हतं. सांगितलं की तो उठून जाणार होता, आणि ह्यावेळी त्याला थांबवायला वाट उरली नव्हती.

"मुंजाजी," ती म्हणाली.

वाऱ्यानं दाराची कडी हलली नाही, दिवा फडफडला नाही. पण तिच्या मांडीला ओळखीचा भार जाणवला, डोकं टेकल्यासारखा.

तानुबाईनं हात उचलला आणि त्या भारावरून हलकेच फिरवला.

"दमला आसशील," ती म्हणाली. "आजचा दिस नीज. उद्या सांगते."