टँकरवरचं नाव

सोलापुरातल्या राहत नावाच्या कार्यकर्तीच्या संस्थेला पहिल्यांदाच क्रिप्टोत देणगी मिळाली. बिभीषण लवटे नावाच्या तरुण व्यापाऱ्यानं मोबाइलवरून नाणी पाठवली. भाव पडायच्या आत राहतनं ती विकली आणि सांगोल्याकडच्या वाड्यावस्त्यांना टँकर सुरू केले. बिभीषणची अट एकच होती, टँकरवर त्याचं नाव ठळक हवं. पाण्यापुढं नावाचं काय घेऊन बसायचं, म्हणून तिनंच पेंटर बोलावला.

पहिल्या खेपेला ती स्वतः गेली. बायकांची ही झुंबड उडाली. त्यांतल्या म्हाताऱ्या फुलाबाईच्या नातीनं टँकरवरचं नाव मोठ्यानं वाचलं, तशी म्हातारीनं हातातली घागर खाली ठेवली.

"ह्योच की त्यो! महिन्यात दुप्पट म्हणून ह्यानं ती मोबाइलातली नाणी आमच्या गळ्यात मारली. चाळीस मेंढरं इकून घेतली आमी. नाणी बुडाली, ह्यो तरला."

राहतला कुठं तोंड लपवावं कळेना. "मावशी, मला खरंच ठाऊक नव्हतं हो. टँकर परत नेऊ का?"

"परत? का म्हणून?" फुलाबाईनं घागर उचलून पाइपाखाली धरली. "आमच्या मेंढरांचं पाणी हाय ह्ये. नाव तेवढं चुकलंय."