भरलेली चौकट

आयुष्यात मी एकही फोटो कापलेला नाही. आमच्या फोटो-मंडळातले बाकीचे सभासद खुशाल चारही बाजूंनी कात्री चालवतात आणि वर कौतुकही करून घेतात. मला विचाराल तर डोळा असला की कात्री लागत नाही. दिवसभर मी कवळ्या बनवतो, दुसऱ्याच्या तोंडात सुतासुताने बसवतो, त्यामुळे मापाची नजर अंगातच मुरलेली आहे. लोक गर्विष्ठ म्हणतात मला. म्हणोत बापडे.

यंदा मंडळाच्या स्पर्धेचा विषय 'गर्दी' होता, आणि सलग सहा वर्षं दुसरा येऊन येऊन माझं डोकं फिरलं होतं. म्हणून कामाचं निमित्त काढून दंतवैद्यांच्या अधिवेशनाला कॅमेरा घेऊन गेलो, बायकोलाही सोबत नेलं. सकाळभर नुसता वैताग. चांगला चेहरा सापडला की मध्ये कुणाचं तरी कोपर, कोपर हललं की टक्कल, टक्कल सरकलं की कुणीतरी भलामोठा प्लास्टिकचा दात काखेत मारून उभा.

"कपाळावरच्या आठ्या काढा आधी," बायको म्हणाली, "लोक घाबरून पळतायत."

शेवटी वरच्या सज्जात गेलो. खाली अख्खं दालन खच्चून भरलेलं, मुंगी शिरायला जागा नाही, आणि चौकटीच्या मधोमध मात्र एक भोक. चार फरशांएवढी जागा मोकळी होती. माणसं बोलत बोलत तिथवर येत आणि बोलणं न तोडता वळसा घालून पुढे जात. खाली कुणी बघतसुद्धा नव्हतं. काही सांडलं-बिंडलं असेल म्हणून मी लांब पल्ल्याची लेन्स लावून पाहिलं, तर फरशी स्वच्छ. पाऊण तास थांबलो, भोक तिथंच. दुसरा कुणी असता तर तेवढा भाग कापून मोकळा झाला असता. मी बायकोला म्हणालो, "खाली जाऊन तिथे उभी राहा. तुझा पिवळा स्वेटर झकास उठून दिसेल."

कडेला पोचून ती थबकली. वर पाहून तिनं मान हलवली, नको. मी हातानं खूण केली, अजून एक पाऊल. तिनं पुन्हा मान हलवली. एकतीस वर्षांच्या संसारात तिनं एकाच गोष्टीला दोनदा नको म्हटल्याचं मला आठवत नाही. मी तिसऱ्यांदा खूण केली, ती पुढे झाली, आणि मी बटण दाबलं.

पहिला नंबर आला, तोही एकमतानं. परीक्षक म्हणाले, "एवढ्या गर्दीत इतकी एकटी बाई! कसं साधलंत हो?" माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. फोटो आता दिवाणखान्यात लावला आहे, न कापता.

त्या दिवसापासून बायकोला कुणाचा धक्का लागत नाही. दुकानातली रांग तिच्यापासून दोन हात लांब राहते. बसमध्ये लोक लोंबकळत उभे राहतात, पण तिच्या शेजारच्या सीटवर बसत नाहीत. शेजारीण पूर्वीसारखीच हसून गप्पा मारते, मात्र जिन्याच्या दोन पायऱ्या वर राहून. मुद्दाम कुणी करत नाही; मी शेजारणीला विचारलं, तर तीच म्हणाली, "कुठल्या पायऱ्या?"

काल दुपारी बायको फोटोसमोरच्या खुर्चीत बसली होती. "अहो, नात तीन दिवस राहून गेली," ती शांतपणे म्हणाली. "दारातून पळत माझ्याकडेच यायची, आणि बसायची तुमच्या मांडीवर." मग हात पुढे करून म्हणाली, "तुम्ही तरी या ना इकडे. हात धरा जरा."

मला भडभडून आलं. एवढंच ना, म्हटलं, आणि उठून सरळ तिच्याकडे निघालो. थांबलो तेव्हा समोर खिडकी होती. वळून पाहिलं, तर ती पाठमोरी, हात अजून तसाच पुढे करून बसलेली.