गॅलरीतली घरघर

मित्रांनो, मला स्वस्थ बसता येत नाही आणि हल्ली मला बसूनच राहावं लागतं. मी एक जुना, मुठीएवढा पाण्याचा पंप आहे. माझ्या पोटात एक छोटी चकती आहे, खाली पाणी ओढणारी जाळी आणि वर नळी. चकती फिरली की मी जिवंत, नाहीतर नुसता प्लास्टिकचा ठोकळा.

कारखान्यात एका बाईंनी मला टबात बुडवलं, कान देऊन ऐकलं आणि खोक्यात घातलं. तिथून मी एका मुलीच्या माशांच्या पेटीत आलो. पुढे तिला दुसऱ्या गावी नोकरी लागली. मासे मैत्रिणीकडे गेले, पेटीही गेली. मी मात्र कपाटाच्या वरच्या फळीवर कोरडा पडलो. पाण्यातल्या जिवाला कोरडं पडून राहणं काय असतं, ते कसं सांगू?

मला खाली काढलं तिच्या वडिलांनी. ते शहराची बस चालवायचे. पाठीचा मणका सरकला म्हणून डॉक्टरांनी त्यांना घरी बसवलं. बसवलं म्हणायचं आपलं, ते बसायचे कुठे? गॅलरी ते दार, दार ते गॅलरी, दिवसभर येरझाऱ्या. जेवताना खुर्चीवर टेकले तरी उजवा पाय जमिनीवर ब्रेक दाबत असायचा. त्यांची बायको घरीच शिवणकाम करायची. तिचं मशीन चाललेलं असलं की हे मागे येऊन उभे राहायचे आणि शिवण वाकडी जातेय का ते बघायचे. शेवटी तिनेच मुलीला फोन करून सांगितलं, की तुझ्या बाबांना काहीतरी काम दे, नाहीतर माझं डोकं फिरेल.

मुलीने काम दिलं. माती न वापरता नुसत्या पाण्यावर भाजी कशी वाढवतात, ते तिने बाबांना समजावून सांगितलं. झालं! बाबांनी जाड पाइप आणले, त्यांना गोल भोकं पाडली आणि किंचित उतार देऊन गॅलरीच्या भिंतीवर एकाखाली एक बसवले. भोकांत जाळीचे कप, कपांत खडे आणि पालकाची रोपं. खाली झाकणाचा टब आणि त्यात झाडांचं खत विरघळवलेलं पाणी. त्या पाण्यात मला सोडलं. मी पाणी वर चढवायचं, ते मुळांना भिजवत खाली टबात यायचं, मी पुन्हा चढवायचं. मला विसावा नको होता आणि त्यांनाही नको होता. आमचं छान जमलं.

पण रोपांचं काही आमच्याशी जमेना. बाबा घटकेघटकेला कप उचलून मुळं किती वाढली ते बघायचे. नाजूक मुळं तुटायची. पहिली सगळी रोपं माना टाकून गेली. तेव्हा बायकोने एवढंच म्हटलं, की सारखं उपटून बघितलं तर ते बिचारं रोप मूळ धरणार कधी? बाबांनी हात मागे बांधून उभं राहायची सवय लावून घेतली. त्यांना ते किती जड गेलं, ते मी टबातून पाहिलंय.

दुसऱ्या खेपेला पालक असा तरारला की शेजारपाजारचे बघायला येऊ लागले. बाबा झाकण उघडून मला दाखवायचे आणि म्हणायचे, सगळी करामत या पठ्ठ्याची. बायकोला तेवढी माझी घरघर नको व्हायची. मशीन थांबलं तरी डोक्यात काहीतरी चालूच राहतं, अशी तिची तक्रार.

मग पाठीच्या तपासणीचा दिवस जवळ आला. पुन्हा बस मिळणार की नाही, ते त्यावर ठरणार होतं. बाबांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं आणि माझी जाळी साफ करायची राहून गेली. ते सकाळी डॉक्टरांकडे गेले. ऊन गॅलरीत चढलं. तुटक्या मुळांनी आणि शेवाळाने माझं तोंड बंद झालं. चकती अडली, अंग तापू लागलं. वर पाइप कोरडे पडत होते आणि मी काहीच करू शकत नव्हतो.

आत शिवणयंत्र थांबलं. बायको गॅलरीत आली, तिने माझं बटण बंद केलं आणि टबात न्हाणीघरातला मग बुडवला. वरच्या पाइपमध्ये पाणी ओतायचं, ते खाली आलं की पुन्हा भरायचं, पुन्हा ओतायचं. द्यायचे कपडे मशीनवर तसेच राहिले. त्या दुपारी पंपाचं काम तिने केलं.

बाबा परतले तेव्हा तिचा पदर ओला होता, पालक उभा होता. ते दारातच थांबले.

"तुला तर याचा आवाज नको होता ना?" त्यांनी विचारलं.

"नको होता. पण बंद पडला आणि मला शिवताच येईना." तिने मग खाली ठेवला. "अहो, तुम्ही आल्यापासून एका जागी उभे आहात. काय झालं?"

"बस गेली," बाबा म्हणाले. "कायमची."

तिने स्टूल पुढे सरकवलं. बाबा बसले. त्यांचा उजवा पाय त्या दिवशी हलला नाही. थोड्या वेळाने तिने त्यांच्या हातात तो मग दिला आणि म्हणाली, "घ्या, माझे खांदे भरून आलेत." बाबा उठले आणि पाणी ओतू लागले.

पुढे त्यांना डेपोत गाड्यांच्या वेळा लावायचं काम मिळालं. त्याआधी त्यांनी टोमॅटोसाठी एकात एक बसणाऱ्या बादल्या केल्या. खालच्या बादलीत पाणी, वरच्या बादलीत नारळाचा भुसा आणि दोन्हींमधून जाणारी कापडी चिंध्यांची वात. वात आपसूक पाणी वर ओढते. ना वीज, ना आवाज. त्या दुपारी तापलेली माझी चकती पुन्हा फिरलीच नाही, म्हणून पाइपांना नवा पंप आला. मी अवजारांच्या डब्यात गेलो. वातीचा हेवा वाटतो मला, खोटं कशाला बोलू? तिला घाई कशी ती ठाऊकच नाही.

मित्रांनो, तुमच्याकडे माझा एखादा भाऊबंद राबत असेल तर त्याची जाळी वेळच्या वेळी धुवा, त्याला पाण्याबाहेर चालवू नका. आणि घरात रोज कानावर पडणारा आवाज एखाद्या दिवशी आला नाही, मग तो यंत्राचा असो की माणसाचा, तर हातातलं काम टाका आणि आधी जाऊन बघा.